सब-रजिस्ट्रार कचेरीतलं लग्न: सेवा बेस, फळा वाईट

‘कोर्ट मॅरेज’ असं बेळगावात सगळेच म्हणतात, पण या लग्नात कोर्ट कुठेच येत नाही. न्यायाधीश नसतो, वकीलही लागत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न लावतो तो विवाह अधिकारी, आणि कर्नाटकात हे काम सब-रजिस्ट्रारकडे आहे. सकाळी ज्या टेबलावर शेताचं खरेदीखत झालं, त्याच टेबलावर दुपारी लग्न. हे परीक्षण त्या सेवेचं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यातल्या मराठी माणसाला ती कशी पडते, कुठे अडते आणि कुणी तिच्या वाटेला जाऊच नये, ते पाहू.

कुणी जाऊ नये ते आधी, कारण पुष्कळ जण चुकीच्या खिडकीसमोर रांग लावतात. मुलगा-मुलगी दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर जात कितीही वेगळी असो, मराठा-लिंगायत असो की जैन-बौद्ध, त्यांना ही सेवा लागत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली आपल्या किंवा जोडीदाराच्या रीतीने लग्न करायचं आणि मग त्याच कचेरीत नोंद करायची. महिनाभराची नोटीस नाही, ती सगळ्यांसमोर लावायचा कचेरीचा फळा नाही. अट एकच, विधी खरोखर झालेला हवा. विधी न करता नुसता नोंदणीचा कागद घेतला तर त्याने हिंदू लग्न होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. त्यामुळे ‘फक्त दोन हार आणा, सर्टिफिकेट आम्ही देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहावं. विधीचे फोटो, पत्रिका, लग्न लावणाऱ्याचं नाव-गाव, हे सगळं जपून ठेवायचं. विधीच नको असेल, तर मात्र विशेष विवाह कायद्याला पर्याय नाही.

दुसरी अडचण ऐकून लोक चक्रावतात. सीमाभागात मामाची मुलगी करणं ही काही नवलाची गोष्ट नाही, कानडी घरांत सख्ख्या मामाला भाची देतात. हिंदू विवाह कायदा, रूढी असेल तर, हे चालवून घेतो. विशेष विवाह कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात मात्र मामेबहीण, आतेबहीण, बहिणीची मुलगी ही सगळी निषिद्ध नात्यांत मोडतात. १९६३ च्या दुरुस्तीने रूढीसाठी फट ठेवली, पण ती रूढी राज्य सरकारने राजपत्रात जाहीर केलेली हवी. ‘आमच्यात चालतं’ एवढ्यावर भागत नाही. जातीबाहेर, धर्माबाहेर, देशाबाहेर कुणाशीही लग्न लावून देणारा हा कायदा मामाच्या घरापाशी येऊन थांबतो. अशा जोडप्यांनी हिंदू विवाह कायद्याचाच रस्ता धरावा.

उरले ते वेगळ्या धर्माचे, ज्यांना धर्म बदलायचा नाही. परदेशी नागरिकाशी लग्न करणारे. आणि विधीच नको म्हणणारे. त्यांच्यासाठी ही वस्तू घडवली आहे, आणि घडवायला वेळ लागला. १८७२ च्या मूळ कायद्यात ‘आम्ही अमुक अमुक धर्म मानत नाही’ असं लिहून द्यावं लागे. १९२३ साली हिंदू, बौद्ध, शीख, जैनांना आपापला धर्म ठेवून एकमेकांत लग्न करता येऊ लागलं. सगळ्यांना ती मुभा १९५४ मध्ये मिळाली. कायद्याला माणूस त्याच्या धर्मापासून वेगळा दिसायला ब्याऐंशी वर्षं गेली.

आता नोटिशीचा कागद हातात घ्या. कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा नमुना आहे. रकाने सात: नाव, स्थिती (अविवाहित, विधुर, विधवा, घटस्फोटित), व्यवसाय, वय, राहण्याचं ठिकाण, ते कायमचं नसेल तर कायमचं ठिकाण, आणि तिथे किती दिवस राहता. बापाच्या संमतीचा रकाना नाही. जातीचा नाही, धर्माचा नाही, देण्याघेण्याचा तर नाहीच. लग्नपत्रिकेत आजोबांपासून मामांपर्यंत पंचवीस नावं छापणाऱ्या आपल्या मुलखात या कागदावर फक्त दोन माणसं उभी असतात. मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८ पूर्ण, दोघांनाही हयात जोडीदार नाही, दोघंही संमती देण्याइतके शुद्धीवर, नातं निषिद्ध नाही. बस्स. व्यक्तीला व्यक्ती म्हणून वागवणारा यापेक्षा साधा सरकारी कागद दाखवा म्हटलं तर दाखवता येणार नाही.

आणि मग हाच कागद कचेरीच्या फळ्यावर लावतात. तीस दिवस.

कारागिराचा हात चुकला तो इथे. नाव, वय, धंदा, राहता पत्ता, सगळं येणाऱ्याजाणाऱ्यासमोर. नोटीस बुक कुणीही, कचेरीच्या वेळेत, फुकट पाहू शकतो. कायद्यातच तसं लिहिलंय. दोन सज्ञान माणसांना गाव आणि घर ओलांडून उभं राहायचा हक्क द्यायचा, आणि पुढच्या क्षणी त्यांना चावडीवर नेऊन बसवायचं, असा हा प्रकार आहे. सब-रजिस्ट्रार कचेरीत रोज कोण येतं? जमिनीचे खरेदीदार, दस्त लिहून देणारे बाँड रायटर, साक्षीदार, गावोगावचे पुढारी. फळा वाचायला याहून चांगलं गिऱ्हाईक मिळणार नाही. संध्याकाळच्या वस्तीच्या बसने बातमी गावात पोचते.

सीमाभागात हा त्रास दुप्पट होतो. दोघांपैकी कुणी त्या अधिकाऱ्याच्या हद्दीत कायमचं राहत नसेल, तर नोटिशीची प्रत त्याच्या कायमच्या ठिकाणच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्याही फळ्यावर लागते. मुलगी निपाणीची, मुलगा गडहिंग्लजचा असेल तर एक फळा कर्नाटकात आणि एक कोल्हापूर जिल्ह्यात. शिवाय या कायद्यात ‘जिल्हा’ म्हणजे नकाशावरचा जिल्हा नव्हे, तर त्या अधिकाऱ्याला नेमून दिलेली हद्द. त्यामुळे अथणीचा मुलगा नोकरीसाठी बेळगावात राहत असला तरी प्रत अथणीला जाऊ शकते. एकाच जिल्ह्यात आहोत, घरी कळणार नाही, या भरवशावर बसलेल्यांची इथे फसगत होते. दिलासा एवढाच, घरी पत्र पाठवा किंवा पोलीस पाठवून चौकशी करा, असं कायदा कुठेही म्हणत नाही. घरच्या पत्त्यावर नोटीस पाठवण्याला कायद्याचा आधार नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलं. एखाद्या कचेरीने तसं करायचं म्हटलं तर कुठल्या कलमाखाली, ते लेखी मागावं. बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

नोटीस द्यायला दोघांपैकी एकाचा त्या हद्दीत लगतच्या तीस दिवसांचा मुक्काम लागतो. पुरावा रेशनकार्ड, भाडेकरार किंवा हॉस्टेलच्या पत्राचा. नेहमीची चूक म्हणजे करार त्याच आठवड्यात करायचा आणि नोटिशीत ‘दोन महिन्यांपासून’ लिहायचं. कारकुनाने तारखा पाहिल्या की अर्ज परत. वयासाठी एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, मार्क्सकार्ड, टीसी किंवा जन्मदाखला. घटस्फोट झालेला असेल तर निकालाची प्रमाणित प्रत, आणि अपिलाची मुदत उलटलेली हवी. विधवा-विधुरांना मृत्यूदाखला.

खरी डोकेदुखी नावांची असते. कर्नाटकातल्या शाळेत नाव पडतं ‘एस. आर. पाटील’ किंवा ‘पाटील संजय’, आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण, महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडून काढलेल्या कागदावर आणखी तिसरं. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तर एका घरात दोन. ‘कांबळे’मध्ये एका कार्डावर बी नंतर ए असतो, दुसऱ्यावर नसतो. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र आधीच करून घ्यावं. बेळगावचं बेळगावी झालं १ नोव्हेंबर २०१४ ला, त्याआधीच्या कागदांवर जुनं नाव असणारच. त्यावर कुणी अडवलं तर तो नियम नव्हे, लहर समजावी.

अर्ज कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून करता येतो. मोबाइलवर ओटीपी, कागद अपलोड, फी ऑनलाइन. फी किरकोळ आहे. पोर्टल चालतं तेव्हा बरं चालतं, बसतं तेव्हा पुरतं बसतं. २०२५ च्या सुरुवातीला सायबर हल्ल्याने ते लोळवलं तेव्हा राज्यभर नोंदणी अडली होती. फॉर्म आणि कचेरीतल्या पाट्या कानडीत. कानडी वाचता येत नसेल तर वाचणारं माणूस सोबत न्यावं, पण सही करण्याआधी प्रत्येक ओळ त्याच्याकडून मराठीत ऐकून घ्यावी. ‘नाळे बन्नी’, उद्या या, हे दोन शब्द एवढ्या वेळा कानावर पडतात की त्यांचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.

तारखांचं गणित नीट लक्षात घ्या, कारण इथे कागद पुरे असलेलीही घसरतात. तीस दिवस मोजतात ते नोटीस फळ्यावर लागल्यापासून. नोटिशीची मुदत मात्र संपते नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांनी. समजा, १० जूनला नोटीस दिली आणि ती फळ्यावर लागली १७ जूनला. मग लग्न १८ जुलैच्या आधी नाही, आणि १० सप्टेंबरच्या आत व्हायलाच हवं. कचेरीने प्रत लावायला जितके दिवस घालवले तितके तुमच्या वाट्याचे गेले, शेवटची तारीख काही पुढे सरकत नाही. सुट्ट्या, सर्व्हर, साहेबांची रजा यात हे दिवस बघता बघता संपतात, आणि मुदत उलटली की नव्याने नोटीस, नव्याने फळा. म्हणून नोटीस दिल्याची पोच घ्यावी आणि फळ्यावर लागली त्या दिवशी तारखेसकट फोटो काढावा.

आता हरकती. कायद्याप्रमाणे हरकत कुणीही घेऊ शकतो, पण कारणं तीच चार: हयात जोडीदार, मानसिक अक्षमता, वय, निषिद्ध नातं. ‘आमची परवानगी नाही’ ही हरकत नव्हे. ‘धर्म वेगळा’ ही नव्हे. ‘पोरगी फितवून नेली’ हीसुद्धा नव्हे. हरकतीचं स्वरूप नोटीस बुकात लिहायला हवं, हरकत घेणाऱ्याला ते वाचून, समजावून सांगायला हवं आणि त्याची सही घ्यायला हवी. कचेरीत येऊन आरडाओरडा केला, टेबल आपटलं, साहेबांच्या कानात काही सांगितलं, याने हरकत होत नाही. सही करायची वेळ आली की पुष्कळांचा आवाज खाली येतो. सहीची हरकत आलीच तर अधिकाऱ्याने तीस दिवसांत चौकशी पुरी करायची. त्याने लग्न लावायला नकार दिला तर तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील. हरकत खोडसाळ निघाली तर हरकत घेणाऱ्याकडून खर्च वसूल करता येतो, कमाल १,००० रुपये. १९५४ साली हा आकडा दमदार होता. आज बेळगावात चार माणसं जेवायला बसवली तरी तो पुरत नाही, आणि खोडी काढणाऱ्याला तर तो तिकिटासारखा वाटतो.

लग्नाच्या आधी-नंतर बेपत्ताची तक्रार होणं हा ठरलेला खेळ. त्यावरचा सगळ्यात उपयोगी निकाल बेळगाव जिल्ह्यातूनच आलेला आहे. सौंदत्ती तालुक्यातल्या मुरगोड पोलीस ठाण्यात अशी तक्रार दाखल झाली होती. मुलगी सज्ञान, लग्न केलेलं, तसं तिने कळवलेलं, तरी जबाब द्यायला ठाण्यातच ये असा तपास अधिकाऱ्याचा आग्रह. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तो गुन्हा रद्द केला. दोन सज्ञान माणसांनी ठरवल्यावर कुटुंबाची, समाजाची संमती लागत नाही, असं बजावलं आणि अशी प्रकरणं हाताळायला पोलिसांसाठी आठ आठवड्यांत मार्गदर्शक सूचना आणि प्रशिक्षण करा असंही सांगितलं. या निकालाची प्रत फाइलमध्ये आधारच्या मागेच लावून ठेवावी. पोलिसांना लेखी कळवायचं: आम्ही सज्ञान आहोत, स्वखुशीने आहोत, जबाब हवा असेल तर राहत्या ठिकाणी येऊन घ्या.

लग्नाचा दिवस. इथे मात्र ही सेवा पाचपैकी पाच. तीन साक्षीदार, ओळखपत्रासकट. ते नातेवाईकच हवेत असं काही नाही, कॉलेजचे मित्र चालतात, घरमालक चालतो. ऐनवेळी एखाद्याचे पाय लटपटतात, म्हणून चौथा बाहेर बाकावर बसवून ठेवावा. आधी तिसऱ्या परिशिष्टातलं प्रतिज्ञापत्र. त्यावर वर, वधू आणि तिघांच्या सह्या अधिकाऱ्यासमोरच व्हायला हव्यात. घरून सह्या करून आणलेला कागद चालत नाही. मग एकमेकांना म्हणायचं ते एक वाक्य: मी अमुक, तुला, तमुक, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो. तिनेही तसंच. हे वाक्य त्या दोघांना समजेल अशा कुठल्याही भाषेत म्हणता येतं, बाराव्या कलमात तसं स्पष्ट आहे. पाटीपासून पावतीपर्यंत जिथे भाषेवरून वाद, तिथे या एका वाक्यापुरती मराठी कायद्याने पक्की आहे, आणि त्यासाठी निवेदन द्यावं लागत नाही, मोर्चा काढावा लागत नाही. कानडी घरातला जोडीदार कानडीत म्हणेल, तुम्ही मराठीत म्हणा. वाक्य म्हटलंच पाहिजे, एवढं लक्षात ठेवा. नुसत्या सह्या घेऊन ‘झालं, जा’ म्हणणाऱ्यालाही थांबवून ते म्हणावं, कारण त्याशिवाय लग्न पुरं होत नाही. वर हार, पेढे, सप्तपदी, काय हवं ते करा. कायदा मनाई करत नाही. जादा फी भरून अधिकाऱ्याला वाजवी अंतरावरच्या ठिकाणी बोलावण्याचीही सोय आहे, फारसं कुणी वापरत नाही.

मालमत्तेचा भाग कुणी वाचत नाही आणि पुढे त्यावरूनच दावे होतात. एकत्र कुटुंबातल्या हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन माणसाने या कायद्याखाली लग्न केलं की एकोणिसाव्या कलमाने तो त्या क्षणी कुटुंबातून विभक्त होतो. भाऊबंद लगेच सांगत सुटतात, ‘गेला, आता जमिनीत काही नाही’. चूक. विभक्त होणं म्हणजे हिस्सा बुडणं नव्हे; त्या तारखेला जो हिस्सा होता तो त्याचाच. फक्त उताऱ्यावर तो आपोआप चढत नाही, वाटणीपत्र किंवा दावा लागतो. दोघंही हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांपैकीच असतील तर १९७६ पासून हे कलम त्यांना लागूच नाही, वारसा हिंदू कायद्यानेच चालतो.

वेगळ्या धर्माच्या जोडप्याला मात्र १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, आणि त्यातला एक खाचखळगा फार खोल आहे. मृत्यूपत्र न करता नवरा गेला तर बायकोला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश. आईला काही नाही. हिंदू कायद्यात आई पहिल्या वर्गाची वारस असते, इथे मुलं असली की ती यादीतच नाही. म्हातारी आई ज्याच्यावर अवलंबून आहे त्याने लग्नाच्या महिन्यातच मृत्यूपत्र करावं. त्याला स्टॅम्प ड्युटी नाही, दोन साक्षीदार पुरतात, आणि नोंदवायचं असेल तर कचेरी तीच.

एजंटाबद्दल दोन शब्द. फॉर्म भरून देण्यापुरता तो ठीक. ‘नोटीस फळ्यावर लागू देत नाही’ किंवा ‘मागच्या तारखेने करून देतो’ म्हणाला तर उठून यावं. तारखा मागेपुढे केलेलं लग्न पुढे व्हिसाच्या वेळी, नाहीतर वारसाच्या दाव्यात बाहेर येतं, आणि समोरचा वकील पहिला हात नोटीस बुकालाच घालतो.

शेवटचा टप्पा प्रमाणपत्राचा. चौथ्या परिशिष्टातल्या नमुन्यात अधिकारी विवाह प्रमाणपत्र पुस्तकात नोंद करतो, दोघं आणि तिघं साक्षीदार सह्या करतात, आणि लग्न झाल्याचा तो निर्णायक पुरावा ठरतो. सही करण्याआधी पाच गोष्टी बोट ठेवून वाचा: दोघांच्या नावांची अक्षरं, जन्मतारखा, नोटिशीची तारीख, लग्नाची तारीख, साक्षीदारांची नावं. सहीच्या आधी चूक पेनने सुधारते, सहीनंतर अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि पुन्हा तेच ‘नाळे बन्नी’. बायकोचं नाव यात आपोआप बदलत नाही, बदलायलाच हवं असंही नाही. प्रमाणित प्रती त्याच दिवशी चार मागून घ्याव्यात: पासपोर्टला एक, बँकेला एक, रेशनकार्डाला एक, आणि एक घरच्यांचा राग निवळेल त्या दिवसासाठी.